उपचार मोफत, वाट महाग

(शहादे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुर्गम भागातील कर्करोगाच्या रुग्णांचा प्रश्न हा वैद्यकाचा प्रश्न आहे, त्यावर अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने काय बोलावे, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. शंका रास्त आहे. शस्त्रक्रिया कोणती करावी आणि औषध कोणते द्यावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु तोच रोग दादरच्या बाईला झाला तर तिची वाचण्याची आशा मोठी असते, आणि अक्राणीच्या बाईला झाला तर ती दवाखान्याच्या दारात पोचते तेव्हाच पुष्कळ उशीर झालेला असतो, हा जो फरक आहे तो पेशींच्या विकृतीतून निर्माण झालेला नाही. अंतर, मजुरी आणि सार्वजनिक पैसा कोठे खर्च होतो, या तीन गोष्टींचा तो परिणाम आहे. म्हणून हा विषय अर्थशास्त्राचा आहे आणि राजकारणाचाही आहे.

वेल्समधील एका खाणवस्तीत आयुष्यभर वैद्यकी केलेल्या ज्युलियन ट्युडर हार्ट या समाजवादी डॉक्टरने १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहून या विपरीततेला नियमाचे रूप दिले. त्याचा आशय असा की, जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत अधिक तेथे ती सर्वांत कमी उपलब्ध असते. आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली करावी तितका हा व्यस्त संबंध तीव्र होत जातो. हार्ट यांच्यासमोर कोळशाच्या खाणीतील कामगार होते. आपल्यासमोर सातपुडा आहे.

झोळी आणि तिचा हिशेब

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. शंभरातील ६९ माणसे अनुसूचित जमातींची आणि ८३ माणसे खेड्यांत राहणारी. आदिवासींचे एवढे प्रमाण महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात नाही. सहा तालुक्यांपैकी नवापूर आणि नंदुरबार या दोनच तालुक्यांतून तापी खोऱ्याचा लोहमार्ग जातो. तापीच्या उत्तरेचे शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके रेल्वेविना आहेत. डोंगरात गाव म्हणजे एक गावठाण नसते, पाड्यापाड्यांनी विखुरलेली वस्ती असते. नर्मदेच्या काठी सरदार सरोवराच्या फुगवट्याने जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, आणि तेथे आरोग्य खात्याला बोटीतून दवाखाना चालवावा लागतो. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून सडकेपर्यंत आणतात. वर्तमानपत्रांनी या झोळीला ‘बांबूलन्स’ असे गमतीचे नाव दिले. ती वाहणाऱ्या चार-सहा माणसांची त्या दिवसाची बुडालेली मजुरी मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

प्रसूती किंवा सर्पदंश यांसाठी ही झोळी एकदा उचलावी लागते. कर्करोगाचे तसे नाही. प्रथम शंका येते, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचे ठिकाण. तेथे गाठीचा किंवा जखमेचा तुकडा तपासणीला जातो. अहवाल येईपर्यंत रुग्णाने घरी परतायचे आणि पुन्हा यायचे. निदान पक्के झाले की रोग कितपत पसरला आहे हे पाहण्यासाठी आणखी तपासण्या. उपचार सुरू होण्यापूर्वीच चार-पाच फेऱ्या होतात. शहरातल्या माणसाची एक फेरी म्हणजे अर्धा दिवस. डोंगरातल्या माणसाची एक फेरी म्हणजे दोन दिवस, सोबतीचे एक माणूस आणि उसनवारी. कित्येक रुग्ण उपचार नाकारत नाहीत, ते फक्त तिसऱ्या फेरीला येत नाहीत. कागदोपत्री त्यांची नोंद ‘पाठपुरावा सुटला’ अशी होते, जणू काही पाठपुरावा करण्याचे काम रुग्णाचेच होते!

आता उपचारांचा हिशेब पाहू. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आपल्या ग्रामीण स्त्रियांचा मोठा शत्रू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन शाखेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण स्त्रिया होत्या आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. रोग थोडा पुढे गेलेला असेल तर त्याचा रूढ उपचार म्हणजे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे पाच आठवडे बाहेरून किरण देणे, त्याबरोबर आठवड्याला एकदा सलाईनमधून औषध, आणि नंतर आतून किरणोपचार. हे सारे आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागते. मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. म्हणजे रुग्ण स्त्री आणि तिच्या सोबतीचे माणूस अशा दोघांना सात आठवडे सुरत, नाशिक किंवा मुंबई अशा परक्या शहरात राहावे लागते. आठवड्याचे कामाचे दिवस सहा धरले तर दोघांचे मिळून ८४ दिवस होतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने बुडालेली मजुरी २६ हजार २०८ रुपये होते. यात एस.टी.चे भाडे नाही, शहरातल्या दोन वेळच्या जेवणाचा खर्च नाही, मागे राहिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या आजीचे श्रम नाहीत, आणि पेरणीच्या दिवसांत पडीक राहिलेले शेतही नाही. रुग्णालयाचे बिल शून्य आहे असे गृहीत धरूनच मी हा आकडा सांगितला.

शासन येथे ग्राहक झाले

बिल शून्य आहे, हे शासनाचे उत्तर असते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते, नंदुरबार नव्हते. आपल्यापर्यंत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर विस्तारली तेव्हा पोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान योजना २०१८ साली आली आणि राज्याच्या योजनेची मर्यादा पुढे दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढली. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार या योजनांत बसतात. या योजनांमुळे ज्यांचे प्राण वाचले त्यांच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे, आणि ते नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

परंतु या योजनांची रचना नीट पाहा. शासन येथे सेवा उभी करीत नाही. ते सेवेचे गिऱ्हाईक होते. रुग्णालयाने उपचार करावा, ठरलेल्या दराने देयक पाठवावे आणि पैसे घ्यावेत, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे पैसा जेथे रुग्णालय आधीपासून आहे तेथे जातो. जेथे यंत्र आहे, तज्ज्ञ आहेत आणि सधन रुग्णांची वर्दळ आहे, तेथेच नवे रुग्णालय निघते. सातपुड्याच्या वाट्याला कार्ड येते आणि कार्डाचे पैसे शहरात खर्च होतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की, मागणीला पैसे पुरवल्याने पुरवठा आपोआप डोंगर चढून येत नाही. आणि या देयकात रुग्णाच्या सात आठवड्यांच्या जगण्याला जागाच नाही. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबतच्या माणसाला पाऊण सवलत देते. पण ती मिळवण्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, आणि गाडी पकडण्यासाठी आधी नंदुरबारपर्यंत यावे लागते. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. ज्या संताने भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा हाच धर्म मानला त्याच्या नावे हे काम चालावे, हे उचितच आहे. परंतु शासनाचे कर्तव्य धर्मशाळेच्या खांद्यावर किती काळ ठेवायचे?

बुडालेली मजुरी देणे ही कल्पना नवी आहे असेही नाही. आदिवासी भागात कुपोषित बालकाला दवाखान्यात दाखल केले तर सोबतच्या पालकाला ‘बुडीत मजुरी’ देण्याची तरतूद शासनानेच केलेली आहे. क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना २०१८ साली सुरू झाली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती रक्कम १,००० रुपये झाली. तत्त्व मान्य झालेले आहे की, गरीब माणूस बरा व्हायचा असेल तर औषधाबरोबर त्याच्या पोटाचीही सोय पाहावी लागते. मग कर्करोगाच्या रुग्णालाच त्यातून का वगळावे?

बार्शीने काय दाखवले

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खेड्यातले लोक अडाणी, लाजाळू, आधी भगताकडे जाणारे; त्यांच्यासाठी कितीही सोय केली तरी ते उशिराच येणार, असे म्हटले जाते. या आक्षेपाचे उत्तर आपल्याच राज्यातील बार्शीने चाळीस वर्षांमागे देऊन ठेवले आहे.

सोलापूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाचे रुग्णालय उभे केले. १९८७ साली तेथे बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातील अशी ही देशातील पहिली नोंदणी. शहरात रुग्णालयांची दप्तरे चाळून नोंदणी करता येते. खेड्यात दप्तरेच नसतात. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, लक्षणे समजावून सांगू लागले, संशय आलेल्या माणसांना तपासणीला येण्यास प्रवृत्त करू लागले. काही वर्षांत असे आढळले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. माणसे मोजायला गेलेल्यांनी माणसे वाचवली. लोक तेच होते, त्यांची लाजही तीच होती. त्यांच्या दारात कोणी तरी नियमाने येऊ लागले, एवढाच बदल झाला होता.

पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा रुग्णालय आणि बार्शीचे रुग्णालय यांच्या सहभागाने एक मोठे संशोधन झाले. त्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच देऊ करण्यात आली त्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला कोणतीही खास तपासणी दिली नव्हती त्यात ६४ झाले. दोन्ही गटांत तीस हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक वाद झाले, आणि ते होणे योग्यच होते. पण म्हणूनच त्या चौसष्ट स्त्रियांच्या मृत्यूतून जे ज्ञान मिळाले ते वापरण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक पडते.

याच संशोधनात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त पद्धत एकदाच वापरली असता मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यातून कार्यकर्त्यांनी घ्यायचा धडा स्पष्ट आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला होणारे एक दिवसाचे ‘महाआरोग्य शिबिर’ कर्करोगापुढे निरुपयोगी आहे. तपासणी पुन्हा पुन्हा व्हावी लागते, आणि जिच्यात काही आढळले तिला पुढच्या पायरीपर्यंत हाताला धरून न्यावे लागते.

देशाची स्थिती काय आहे? तिसाव्या वर्षापुढील सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची मार्गदर्शक सूत्रे केंद्राने २०१६ साली काढली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया शेकडा १.९ निघाल्या, तोंड आणि स्तन यांच्या बाबतीत शंभरात एकही पुरती भरली नाही. आणि नोंदणीचे म्हणाल तर, राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०१२ ते २०१६ च्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद–बीड यांची माहिती होती, नंदुरबारची नव्हती. ज्या जिल्ह्यातले रुग्ण मोजलेच जात नाहीत त्या जिल्ह्यासाठी निधी मागताना आपण कोणता आकडा पुढे ठेवणार?

काय वर राहावे, काय खाली यावे

मी असे म्हणत नाही की धडगावला किरणोपचाराचे यंत्र बसवा. असे यंत्र चालवायला तज्ज्ञ डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, अखंड वीज आणि रोजचे पुरेसे रुग्ण लागतात. गुंतागुंतीची शस्त्रक्रियाही जेथे ती नित्य होते तेथेच अधिक सुरक्षित असते. या दोन गोष्टी मोठ्या ठिकाणी एकवटणे शास्त्राला धरून आहे. परंतु त्यांच्या आधाराने सगळेच वर एकवटले गेले आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार नाही. शंका घेणे, तपासणे, तुकडा काढणे, निश्चित झालेल्या औषधांचे डोस देणे, उपचारानंतर लक्ष ठेवणे आणि वेदना शमवणे ही कामे खाली येऊ शकतात. तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम ओळखायला आशा कार्यकर्तीला शिकवता येते. आणि गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही तो मिळतो त्या राज्यात हे शिकवणे अत्यावश्यक आहे. एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःच्या हाताने घेता येतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे; आडपडदा नसलेल्या उपकेंद्रात परक्या माणसासमोर तपासून घ्यायला संकोचणाऱ्या स्त्रीला याचा केवढा आधार होईल! सिकलसेलसाठी याच पाड्यांवर रक्ततपासणी होते. तेव्हा रस्ता नाही ही सबब पुरेशी नाही. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० साली सुरू झाले. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात, तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे दिवसभराचे उपचार केंद्र काढण्याची घोषणा झाली. त्या घोषणेचा हिशेब तारीखवार मागणे हे आपले काम आहे.

एका गोष्टीकडे शहरातून आखलेल्या योजनांचे लक्ष जात नाही. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. खानदेशातून बारडोलीकडे जाणाऱ्या या तोडणी-मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने कित्येक वर्षे अभ्यास केला. तपासणीची मोहीम हिवाळ्यात काढली तर ती रिकाम्या घरांची तपासणी ठरेल. ती पावसाळ्यात, माणसे गावी असताना व्हावी. आणि भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या स्त्रियांनी ती करावी. रोगाचे नाव परक्या भाषेत ऐकलेला माणूस ‘हो’ म्हणतो आणि पुन्हा येत नाही.

आणि ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांचे काय? त्यांना आपण ‘आता घरी घेऊन जा’ असे सांगतो. घरी म्हणजे कोठे? कुडाच्या भिंतीआड, औषधाविना. कर्करोगाची वेदना शमवणारे मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे ते देशभर दुर्मिळ झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली, तरी औषध अजून तालुक्यातालुक्यात सहज मिळत नाही. केरळने २००८ साली वेदनाशमनाचे राज्य-धोरण स्वीकारले, आणि तेथे गावातले स्वयंसेवक आणि परिचारिका घरी जाऊन अशा रुग्णांची सेवा करतात. मरणाऱ्या माणसाला वेदनेतून सोडवण्यासाठी जिल्ह्याचा विकास-दर वाढण्याची वाट पाहावी लागत नाही.

आपले काम

शहाद्याच्या भूमीवर मी बोलतो आहे. १९७२ साली येथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांनी जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न मांडला, आणि आदिवासी स्त्रियांनी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध मोर्चे काढले. त्याच दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कायद्याच्या लढ्यातून आपण एक गोष्ट शिकलो की, हजेरीपटावर नाव असेल तरच मजुराला भांडता येते. ज्याचे नाव कोठेच नाही त्याचा हक्क बुडाला तरी कोणाला कळत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या पाच गावांची एक वही करावी. गेल्या तीन वर्षांत कर्करोगाने कोण आजारी झाले, पहिली शंका केव्हा आली, निदान केव्हा झाले, किती फेऱ्या झाल्या, किती कर्ज झाले, उपचार कोणत्या टप्प्यावर सुटला, हे घरच्यांच्या संमतीने लिहावे. नावे आपल्यापाशी ठेवावीत; आकडे जिल्हा परिषदेपुढे आणि विधानसभेपुढे न्यावेत. त्या आकड्यांच्या बळावर चार मागण्या कराव्यात. जिल्ह्यासाठी बार्शीच्या धर्तीवर कर्करोगाची नोंदणी. पावसाळ्यात उपकेंद्रावर आणि पाड्यांवर नियमित तपासणी. उपचाराच्या काळात रुग्ण व सोबती या दोघांना बुडीत मजुरी, प्रवासखर्च आणि निवास. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात वेदनाशमनाची औषधे व ती देऊ शकणारा प्रशिक्षित माणूस.

यातील एकाही मागणीला नवा शोध लागायचा बाकी नाही. चारही गोष्टी कोठे ना कोठे, कोणत्या ना कोणत्या रोगासाठी या देशात चालू आहेत. त्या नंदुरबारच्या कर्करोग-रुग्णापर्यंत आणण्यासाठी लागणारा दाब निर्माण करणे एवढेच उरले आहे, आणि ते काम डॉक्टरांचे नाही, आपले आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने ती वही सोबत आणावी, एवढी विनंती करून मी थांबतो.